सल्लागार कोण असावेत?
(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका विश्वस्तांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे वाचन झाले आहे आणि जेवणाची वेळ जवळ येत आहे, याची मला जाणीव आहे. तरीही अध्यक्षांनी मजकडे सोपविलेल्या एका कामाचा वृत्तान्त आपणांसमोर ठेवणे माझे कर्तव्य आहे. तो थोडा लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

गेल्या वर्षी विश्वस्त मंडळाने असा विचार केला की, रुग्णालयाचा कारभार आता एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात आहे, कर्मचारिवर्ग वाढला आहे आणि येणारे रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक निरनिराळ्या थरांतून येऊ लागले आहेत. अशा वेळी नेतृत्व कसे घडवावे, तसेच जात, धर्म, लिंग, भाषा किंवा अपंगत्व यांमुळे येथे कोणी मागे तर पडत नाही ना, याविषयी बाहेरच्या जाणत्या मंडळींचा सल्ला घ्यावा. पुण्यातील एका सल्लागार संस्थेने त्यासाठी प्रस्ताव पाठविला. प्रस्तावासोबत त्यांच्या चमूतील पाच जणांचा परिचय होता. तो परिचय वाचून मत द्यावे, हे माझे काम. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला मनुष्य. कर्जाच्या अर्जाला जोडलेले कागद पाहून माणूस ओळखता येतो, अशी आम्हा बँकवाल्यांची एक समजूत असते. त्या समजुतीच्या भरवशावरच बहुधा माझी निवड झाली असावी.

परिचयाची पाने नीटनेटकी होती. एका बाईंनी मोटारींच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात वीसहून अधिक वर्षे काढलेली. एक गृहस्थ सैन्यदलातून निवृत्त झालेले. एक मानसशास्त्राच्या पदवीधर, संघटनांतील माणसांच्या वर्तनाचा अभ्यास केलेल्या. एक वकील, कामगार कायद्याचे जाणकार. पाचवा तरुण अपंगांच्या पुनर्वसनाच्या कामातून आलेला व स्वतः दृष्टिहीन. ही माणसे तोलामोलाची आहेत, यात मला तिळमात्र संशय वाटला नाही.

हा व्यवसाय आपल्याकडे तसा नवा आहे. अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, नोकरीत वर्ण, धर्म वा लिंग पाहून भेदभाव करण्यास बंदी आली, आणि कारखानदारांना हे कसे पाळायचे ते शिकविणाऱ्यांची गरज भासू लागली. पुढे १९८४ साली रूझवेल्ट थॉमस या कृष्णवर्णीय प्राध्यापकाने अटलांटा येथील मोअरहाउस महाविद्यालयात यासाठी एक संस्थाच काढली. कायद्याच्या धाकाने निरनिराळी माणसे नोकरीत घेणे वेगळे आणि घेतल्यानंतर त्यांच्या अंगच्या गुणांना वाव मिळेल असे काम घडविणे वेगळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे १९९७ सालचा विशाखा खटल्याचा निकाल, २०१३ सालचा कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा, त्याच वर्षीच्या कंपनी कायद्यातील संचालक मंडळावर एक तरी स्त्री असावी ही तरतूद, आणि २०१६ सालचा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा यांमुळे या व्यवसायाला बाजारपेठ मिळाली. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी, म्हणजे आपल्याही रुग्णालयात, अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, हे आपण जाणताच.

त्या समितीविषयी एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. समितीवर बाहेरचा एक सदस्य असावा, असे कायदा म्हणतो. तो कोण असावा? त्याच्यासाठी कायद्याने कोणतीही पदवी सांगितलेली नाही. स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेल्या संस्थेतील अथवा लैंगिक छळाच्या प्रश्नाशी परिचित असलेली व्यक्ती, एवढेच म्हटले आहे. हे वाचताना मला माझ्या नोकरीतील एक जुना प्रसंग आठवला, आणि त्या प्रसंगाने प्रस्तावाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तो माझ्या अभिमानाचा प्रसंग नाही, तरी सांगतो.

त्याआधी १९९३ सालाची आठवण करून द्यावी लागेल. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून माणसे झोपली असताना, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील, आजच्या लोहारा तालुक्यातील, सास्तूर ही नावे तेव्हापासून देशभर माहीत झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. सभागृहात बसलेल्या काहींच्या घरची माणसे त्यांत होती, म्हणून त्या रात्रीचे वर्णन मी करीत नाही. पण इतकी माणसे का गेली, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडची जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर दाबून घातलेल्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यानपिढ्या त्या माळवदावर मातीचे थर चढत गेले. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या दगडांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. हादरा बसताच भिंत पोटातून फुगली, दगड सुटले आणि वरचे सारे ओझे झोपलेल्यांवर आले.

५२ गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली आहेत. मात्र त्याहून कितीतरी मोठे काम, ज्याची छायाचित्रे फारशी निघाली नाहीत, ते होते तडा गेलेल्या घरांची आहे त्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण करण्याचे. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने हा कार्यक्रम हाती घेतला. त्यात पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यात जाणार आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे, अशी योजना होती. घरमालकाला हे समजावणार कोण? अभियंता गावात येई, नकाशा दाखवी आणि जीपमध्ये बसून निघून जाई. त्याची भाषा गावाला कळत नसे आणि गावाची शंका त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. शिवाय घर म्हटले की बोलणी पुरुषांशी व्हायची. घरात दिवसभर वावरणारी, चूल कोठे आणि उतरंड कोठे हे ठरविणारी बाई दाराआडून ऐकायची.

या कामासाठी सरकारने लोकसहभागाची सल्लागार म्हणून 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेची नेमणूक केली. दिवंगत प्रेमा गोपालन या त्या कामाच्या प्रमुख होत्या. २०२२ साली त्यांचे निधन झाले. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत हे काम चालले. त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. घरदुरुस्तीची माहिती घरोघरी पोहोचविणे, बायकांच्या बैठका घेणे, कोणाचे काम कोठे अडले ते पाहणे आणि अभियंत्याला वा तहसील कार्यालयाला ते कळविणे, ही त्यांची कामे. कालपर्यंत शेतात खुरपणाऱ्या बाया आता कोपऱ्यातला दगड भिंतीत कसा बांधून घ्यावा हे गवंड्याला विचारू लागल्या. त्यांच्यापैकी कोणाजवळ अभियांत्रिकीचा कागद नव्हता. सरकारदरबारी मात्र हा सारा खटाटोप सल्लागाराचे काम म्हणून नोंदला गेला होता, हे ध्यानात घ्यावे.

आता माझा प्रसंग. १९९६ च्या सुमारास मी उमरगा भागातील एका शाखेत होतो. एके दुपारी एक बाई हातात वहीचे पान घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पानावर अकरा नावे होती. या अकरा घरांचा दुसरा हप्ता का आला नाही, असे ती विचारीत होती. मी तिला बसायला सांगितले नाही. तुम्ही कोण, तुमचे शिक्षण काय, असे विचारले. तिने दिलेले उत्तर मला शब्दशः स्मरते.

"सायेब, शिक्षण सातवी झालंय. पर कुणाचं काम कुठवर आलंय ते मला ठावं हाय."

मी तिला गावातील एखाद्या जबाबदार पुरुषाला पाठविण्यास सांगितले. ती काही न बोलता गेली. आठवड्याने परत आली ती पुन्हा एकटीच. या वेळी तिच्याजवळ अभियंत्याच्या सहीचा कागद होता. त्यावरून आठ घरांची पहिल्या टप्प्याची पूर्तता कार्यालयात पडून राहिली होती, हे उघड झाले. उरलेली तीन घरे मात्र आमच्याच खात्यावहीत अडकली होती. त्या गावात एकाच नावाच्या, एकाच वडिलांच्या नावाच्या आणि एकाच आडनावाच्या जोड्या होत्या, आणि आम्ही एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावे टाकले होते. कागदावर ती माणसे एकच होती. बाईने सांगितले, हा वेशीजवळचा आणि तो विहिरीजवळचा. ह्याची बायको वारली आणि त्याची माहेरी आहे. दहा मिनिटांत हिशेब जुळला. गेला आठवडाभर माझा लेखनिक त्याच जोड्यांशी झगडत बसला होता.

त्या बाईचे नाव मी तेव्हा विचारले नाही. आज विचारायची इच्छा आहे, पण ती कोठे आहे हे मला ठाऊक नाही.

या स्त्रियांचे पुढे काय झाले, हे मी नंतरच्या काळात वाचत गेलो. १९९९ साली तुर्कस्थानात मार्मारा भागात भूकंप झाला, तेव्हा तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगण्यासाठी आपल्या भागातील बायका गेल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा त्या गुजरातेत गेल्या. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, त्यानंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या. आपण तेव्हा त्याला मदतकार्य म्हटले. खरे तर तो सल्ला होता. छावणीत स्वच्छतागृह कोठे असावे, हप्ता मिळण्याआधी जुने दगड विकू नका, बैठकीला विधवेला वगळू देऊ नका, अशा स्वरूपाचे ज्ञान त्यांच्याजवळ होते. आणि ते त्यांच्याजवळ होते, कारण त्यांनी ते सारे भोगले होते.

आपल्या जिल्ह्यातील दोन नावे सार्वजनिकरीत्या परिचित आहेत, म्हणून घेतो. तुळजापूर तालुक्यातील गोदावरी डांगे यांचे लहानपणी लग्न झाले आणि ऐन विशीत त्यांना वैधव्य आले. बचत गटाच्या कामातून त्या पुढे आल्या. दुष्काळाला तोंड देणारी शेती कशी करावी, एक एकरावर घरचे धान्य, कडधान्य व भाजीपाला कसा पिकवावा, हे त्यांनी बायकांना शिकविले. आज आपत्ती आणि हवामानबदल या विषयांवरील आंतरराष्ट्रीय परिषदांत त्या बोलतात, त्यांच्या जीवनावर चित्रकथा निघाली आहे. दुसऱ्या हिंगळजवाडीच्या कमलताई कुंभार. मजुराच्या घरात जन्म, बांगड्या विकण्यापासून सुरुवात, पुढे कुक्कुटपालन, शेळ्या, आणि त्याहीपुढे इतर बायकांना व्यवसायाला लावण्याचे काम. ८ मार्च २०२२ रोजी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. कोणी त्यांचा परिचय एका पानावर लिहायला बसले, तर 'शिक्षण' आणि 'पदे' या रकान्यांत काय लिहावे असा प्रश्न पडेल, आणि ज्या मजकुरासाठी त्यांना बोलवायचे त्याला रकानाच सापडणार नाही.

हा विचार रुग्णालयाला परका नाही. आपल्या भूम तालुक्याच्या पलीकडे जामखेड आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. गावात प्रशिक्षित परिचारिका पाठविण्याचा प्रयत्न त्यांनी प्रथम केला. तो रुजेना, तेव्हा गावातल्याच स्त्रिया निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण देण्याचा मार्ग त्यांनी धरला. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, काही दलित, काही टाकलेल्या. पुढे याच स्त्रिया जामखेडला येणाऱ्या देशोदेशीच्या डॉक्टरांना शिकवू लागल्या. त्यांतील मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत आरोग्यतज्ज्ञांसमोर भाषण केले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे सर्वांना माहीत आहे. आपल्या घरच्या अंगणात, अणदूरला, हॅलो मेडिकल फाउंडेशनने याच धर्तीवर 'भारतवैद्य' स्त्रियांचे काम उभे केले. म्हणजे सल्ला वरून खालीच जातो, असा जो आपला समज आहे, तो आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी केव्हाच खोटा ठरविला आहे.

आता आपल्या स्वतःच्या दारात येतो. पुढचे बोलणे काहींना कटू वाटेल.

मागील हंगामात स्त्रीकक्षात एक ऊसतोड कामगार बाई दाखल झाली होती. अंगावर जाणे, पोटात दुखणे आणि रक्त अतिशय कमी. उपचार नीट सुरू झाले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने घरी नेण्याचा हट्ट धरला. डॉक्टरांनी समजावले, सिस्टरांनी समजावले, शेवटी केसपेपरवर 'रुग्णाच्या इच्छेने, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असा शेरा लिहून नवऱ्याचा अंगठा घेण्यात आला. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिची अवस्था फार बिकट होती. ती वाचली, हे आपल्या डॉक्टरांचे यश आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. पण ती पहिल्यांदा का गेली, हे आपल्यापैकी कोणी विचारले नव्हते.

ते ठाऊक होते आपल्या कक्षातील एका मावशीला. तिने स्वतः आठ हंगाम ऊस तोडला आहे. मी चौकशी करू लागलो तेव्हा तिने सांगितले की, त्या रात्री मुकादमाची गाडी सुटणार होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावे घेतलेली. बायको मागे राहिली तर कोयता मोडतो, रोजचा खाडा लागतो आणि उचल अंगावर राहते. अशा वेळी मुकादमाशी बोलता येते, आजारपणाचा कागद साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात दाखवता येतो, निदान गोळ्या सोबत बांधून देऊन पुढच्या मुक्कामाजवळच्या दवाखान्याला चिठ्ठी देता येते. हे सारे तिला माहीत होते. मग सांगितले का नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "मला कोन इचारतंय, साहेब?"

आपल्या दप्तरातील तिची नोंद मी पाहिली. शिक्षण चौथी. काम स्वच्छता. पूर्वानुभव या रकान्यात आडवी रेघ.

मंडळी, ती रेघ मला फार टोचली. आठ हंगामांच्या अनुभवावर आपण रेघ ओढली होती. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास किती कुटुंबे गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, हे आपण बसस्थानकावर पाहतो. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या शस्त्रक्रिया पदवीधर डॉक्टरांनीच केल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये ही भीती, पाण्याविना व आडोशाविना काढलेले महिने, कर्करोग होईल अशी घातलेली धास्ती, या गोष्टी रुग्णाच्या केसपेपरवर येत नाहीत. त्या ओळखणारे माणूस खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेले असावे लागते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. अनुभव आहे म्हणून शिक्षण नको, असे मला मुळीच म्हणायचे नाही. संवाद सहायक स्त्रियांना प्रशिक्षण मिळाले होते आणि त्यांच्यामागे अभियंते उभे होते. जामखेडच्या स्त्रियांमागे दोन उत्तम डॉक्टर होते. पुण्याच्या संस्थेतील वकिलांना जे कायद्याचे ज्ञान आहे, ते आपल्या मावशीजवळ नाही. आणि बाई आहे म्हणून ती सगळ्या बायांच्या वतीने बोलेल, हेही खरे नाही. तांड्यावरच्या लमाण बाईची बोली वेगळी, पारधी वस्तीतल्या बाईला पोलिसांचे भय वेगळे, नळदुर्ग-परंड्याकडच्या मुस्लिम बाईला पुरुष डॉक्टरासमोर वाटणारा संकोच वेगळा. आणखी एक धोका आहे, तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. अशा स्त्रियांना ८ मार्चला बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे, छायाचित्र अहवालात छापायचे आणि ९ मार्चपासून विसरायचे. तसेच करायचे असेल तर न बोलावलेले बरे.

पुण्याच्या संस्थेतील बाईंशी मी दूरध्वनीवर बोललो. आपल्या चमूत ग्रामीण रुग्णालयात काम केलेले कोणी आहे का, असे विचारले. नाही, असे त्यांनी सरळ सांगितले, आणि त्यांचा सरळपणा मला आवडला. त्यांनीच उलट विचारले की, तुमच्या कर्मचाऱ्यांत आणि रुग्णांत पूर्वी कोणी काय काय काम केले आहे, याची यादी तुमच्याजवळ आहे का? मला निरुत्तर व्हावे लागले.

ती यादी आम्ही गेल्या दोन महिन्यांत केली. आपल्या सुरक्षारक्षकांपैकी एक जण दहा वर्षे रात्रीची रुग्णवाहिका चालवीत होता. स्वयंपाकघरातील एका ताईंची आई सुईण होती आणि ताईंनी तिच्या हाताखाली अनेक बाळंतपणे पाहिली आहेत. केसपेपरच्या खिडकीवरील मुलगा तांड्यावरचा आहे आणि घरी गोरमाटी बोलतो, हे त्याच्या शेजारी तीन वर्षे बसणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. तो म्हणाला की, येथे ती बोली बोललो तर लोक हसतील असे वाटले.

यावरून मी मंडळासमोर पुढील सूचना ठेवल्या आहेत. पुण्याच्या संस्थेला पूर्ण काम न देता त्यांच्या वकिलांची कायद्याच्या प्रशिक्षणासाठी व त्या बाईंची वर्षातून चार दिवसांसाठी मदत घ्यावी. उरलेल्या रकमेतून रुग्णालयाचा स्वतःचा सल्लागार गट नेमावा. त्यात ऊसतोड केलेली एक स्त्री, एक आशाताई, तांड्यावरील एक प्रतिनिधी, एक दिव्यांग व्यक्ती आणि या रुग्णालयात दीर्घ मुदतीचे आजारपण काढलेल्या रुग्णाचा एक नातेवाईक असावा. आपल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी गटात असेल, तर बैठकीचा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरावा.

मानधनाबद्दल मंडळात मतभेद आहेत, ते लपवीत नाही. पुण्याच्या तज्ज्ञांना दिवसाला जे देऊ तेच या गटातील प्रत्येकाला द्यावे, असे माझे म्हणणे आहे. काही विश्वस्तांना हे अतिरेकी वाटते. देणगीदारांनी खाटांसाठी आणि यंत्रांसाठी दिलेला पैसा बोलण्यावर का खर्च करावा, असाही प्रश्न एका जुन्या, अतिशय उदार देणगीदारांनी मला विचारला. प्रश्न रास्त आहे. त्यांना मी त्या ऊसतोड बाईच्या दोन्ही वेळच्या उपचारांचा खर्च काढून दाखविला. दुसऱ्या वेळचा खर्च पहिल्या वेळच्या सातपट होता आणि तो सारा धर्मादाय निधीतूनच गेला. त्यांनी अजून आपले मत कळविलेले नाही. मतदान पुढील बैठकीत होईल.

मंजुरी मिळाल्यास गटाची पहिली बैठक दुपारी बाराला ठेवावी, म्हणजे सकाळच्या एस.टी.ने निघालेल्यांना पोहोचता येईल आणि साडेचारच्या गाडीने अंधार पडण्यापूर्वी घरी जाता येईल. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. इतिवृत्त मराठीत लिहावे आणि शेवटी मोठ्याने वाचून दाखवावे, कारण सह्यांऐवजी काही अंगठे असण्याची शक्यता आहे. ऊसतोड केलेल्या सदस्याच्या जागी मी आपल्या मावशीचे नाव सुचविले आहे. तिने होकार देण्यापूर्वी दोन दिवस मागून घेतले. तिच्या नोंदपत्रकातील पूर्वानुभवाचा रकाना आस्थापना विभागाने आता भरला आहे.

नातेवाईक मंडळींना एक विनंती आहे. गटातील पाचवी जागा आपल्यापैकी कोणाची तरी आहे. औषधांच्या खिडकीशेजारी एक पेटी ठेवली आहे, तीत नाव लिहून टाकावे. लिहिता येत नसेल तर खिडकीवरच्या मुलाला सांगावे, तो लिहून घेईल. गोरमाटीत सांगितले तरी चालेल.